लाल गोबी, जवसाची चटणी आणि पोराचं चित्त

गोबी मंच्युरियन चीनमधून आलेलं नाही, हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी बाजारात गाड्यांवर कढया तापतात, त्यात कॉलीफ्लॉवर तळला जातो आणि लालभडक होऊन कागदी बशीत पडतो. ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी त्या लालभडकपणावरच बंदी घातली. राज्यभरातून गोबीचे १७१ नमुने तपासले होते, त्यांतल्या १०७ नमुन्यांत कृत्रिम रंग सापडले. जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांचे २५ नमुने होते, त्यांतले १५ नापास झाले. काहींत तर ऱ्होडामाइन-बी निघालं. हा कापड रंगवायचा रंग, खाण्याच्या कुठल्याही पदार्थात त्याला परवानगी नाही. जूनमध्ये कबाबातल्या रंगांवरही तोच हुकूम निघाला.

सरकारनं कारण सांगितलं ते मुख्यतः कॅन्सरचं. पण सापडलेल्या रंगांची नावं वाचली की लक्ष दुसरीकडेच जातं. टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन. वैद्यकात या तिघांचं आणखी एक प्रकरण गेली पन्नास वर्षं चालू आहे आणि त्यात रोगी म्हणजे एका जागी न बसणारं मूल.

आपल्याकडे प्रत्येक वर्गात असं एक तरी पोर असतं. ‘लक्षच न्हाई बघा ह्याचं’ म्हणून मास्तर वहीवर लिहून पाठवतात. घरी चप्पल एकीकडे, दप्तर दुसरीकडे. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत याचं उत्तर तयार. यातली बहुतेक पोरं फक्त वांड असतात आणि मोठी होता होता शांत होतात. पण जगभरातले अभ्यास एकत्र केले तर शंभरातल्या सुमारे पाच मुलांना ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात तो त्रास असतो. त्याचा सर्वांत मोठा भाग, सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास, आनुवंशिक असतो. म्हणजे आईनं काय खाऊ घातलं यापेक्षा आजोबा कसे होते, याचा हात त्यात जास्त. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण आहाराची चर्चा सुरू झाली की सगळा दोष स्वयंपाकघरात नेऊन टाकायची आपल्याला घाई असते.

या मुलाकडे लक्ष कमी असतं, हा समजच मुळात चुकीचा. कार्टून लावा, ते दोन तास हलणार नाही. अडचण असते ती लक्ष हवं तेव्हा हवं तिकडे वळवण्याची. उसाला पाणी पाजताना एका सरीचं पाणी पुरं झालं की तिचं दारं धरायचं आणि पुढचीचं मोडायचं असतं. पाटाला पाणी भरपूर असलं तरी दारं धरणारा डुलकी घेत असेल, तर एक सरी तुंबते आणि दुसरी कोरडी राहते. मेंदूत हे काम कपाळामागचा भाग करतो, आणि त्याला त्यासाठी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही दोन रसायनं योग्य प्रमाणात लागतात. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरनं चंचल मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक दिलं आणि मुलं शांत झाली, गणितं सोडवायला लागली. तेजी आणणाऱ्या औषधानं मूल शांत कसं झालं, हे कोडं बराच काळ सुटलं नाही. उत्तर आता ठाऊक आहे: तेजी आली ती दारं धरणाऱ्याला.

आता रंगांकडे. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेन फाइनगोल्ड यांनी अमेरिकन डॉक्टरांच्या सभेत सांगितलं की कृत्रिम रंग आणि स्वाद बंद केले तर अतिचंचल मुलांतली मोठी संख्या सुधारते. आयांनी घरोघर ते उचललं, डॉक्टरांनी नाकं मुरडली. नियंत्रित चाचण्या झाल्या तेव्हा फाइनगोल्ड यांचा मोठा दावा टिकला नाही, पण पुरता मेलाही नाही. काहीतरी शिल्लक राहत होतं. ते नेमकं किती, हे पाहायला इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठानं तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची, गावातली साधी मुलं घेतली. त्यांना कधी रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं सरबत, कधी दिसायला-चवीला हुबेहूब तसंच, पण बिनरंगाचं. कुणाच्या पेल्यात काय आहे हे मुलाला, आईबापांना, तपासणाऱ्याला, कुणालाच माहीत नाही. २००७ मध्ये निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला: रंगाच्या सरबतानं चंचलपणा थोडा वाढतो. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, पण होता. आणि ही मुलं एडीएचडीची नव्हती, तुमच्याआमच्या घरातल्यासारखी होती. युरोपनं त्यावरून जुलै २०१० पासून त्या सरबतांत वापरलेल्या सहा रंगांपैकी कुठलाही असलेल्या पदार्थाच्या पाकिटावर, मुलांच्या हालचालीवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो, असं छापणं सक्तीचं केलं.

खरं आश्चर्य पुढे आहे. त्याच गटानं २०१० मध्ये मुलांची जनुकं तपासली. शरीरातलं हिस्टामिन मोडून काढणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक माणसामाणसात थोडं वेगळं असतं. ज्या मुलांत त्याचं एक विशिष्ट रूप होतं, त्यांच्यावर रंगाचा परिणाम जास्त. हिस्टामिन म्हणजे शिंका आणि पित्त उठवणारं तेच रसायन. एकाच बाकावरची दोन पोरं एकच केशरी गोळी चघळतात, एकाला काही होत नाही आणि दुसरं भिंगरीसारखं फिरतं, आणि दोन्ही आया आपापल्या जागी खऱ्या असतात.

आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना ठराविक पदार्थांत, ठराविक मर्यादेत परवानगी आहे. म्हणजे गोबीतला सनसेट यलो बेकायदा, पण बरणीतल्या गोळीतला कायदेशीर. शिवाय बंगळुरूचा आदेश कोगनोळीच्या नाक्यापर्यंत. तिथून पुढे कागल, दुसरं राज्य, दुसरं खातं. सीमाभागात पाटीपासून बसपर्यंत सगळ्याला दोन सरकारं असतात, त्यात आता गोबीची भर. रंग काढून टाकण्यात मुलाचं काहीच नुकसान नाही, म्हणून माझ्या मते ते काढावेतच. चमत्काराची वाट मात्र पाहू नये.

रंगानंतरचा संशयित म्हणजे साखर, आणि तिचा खटला बेळगावात चालवायचा म्हणजे घरच्याच माणसाला उभं करणं. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, असे कारखाने इथे तालुक्यातालुक्यात. साखरेचं शास्त्र शिकवणारी निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूटही याच शहरात. आणि कुंदा तर काय, पाहुणा पाव किलो घेतल्याशिवाय रेल्वेत चढत नाही. वाढदिवसाला केक-कुंदा खाल्ला की पोरं अंगात आल्यासारखी नाचतात, हे कुठल्याही आईला विचारा. तरीही साखर निर्दोष सुटली आहे.

अमेरिकेत मार्क वोलरेक यांच्या गटानं काही कुटुंबांचं सगळं अन्नच नऊ आठवडे बदलून टाकलं. तीन आठवडे भरपूर साखर, तीन आठवडे अ‍ॅस्पार्टेम, तीन आठवडे सॅकरिन. मुलं मुद्दाम अशीही घेतली होती की ज्यांना साखर बाधते असं आईबाप छातीवर हात ठेवून सांगत. वागणं आणि बुद्धी मोजणाऱ्या डझनावारी कसोट्या लावल्या, आणि १९९४ मध्ये निकाल आला: साखरेनं फरक पडत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या दोन संशोधकांनी आणखी खट्याळ प्रयोग केला. साखर बाधते असं म्हणणाऱ्या आयांची मुलं घेतली आणि सगळ्यांना बिनसाखरेचं पेय दिलं. अर्ध्या आयांना सांगितलं, याला साखर पाजली आहे. मग मायलेकांना एका खोलीत खेळायला सोडून पाहत राहिले. साखर पाजली असं समजणाऱ्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. एवढंच नाही, त्या त्याच्या जास्त जवळ राहिल्या, जास्त टोकत राहिल्या. साखरेचा परिणाम मोजला गेला खरा, पण तो पेयाला हातही न लावलेल्या आईवर. वाढदिवसाला पोरं नाचतात कारण तो वाढदिवस असतो. दातांसाठी साखर कमी करा, लक्षासाठी तिला बडवू नका.

आता जो खरा मुद्दा आहे तो बाजारात दिसत नाही, कारण त्याला रंगही नाही आणि चवही नाही. तो म्हणजे लोह. लोह म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. पण डोपामिन तयार होतं ते टायरोसिन या अमायनो आम्लापासून, आणि त्यातली पहिली पायरी पार पाडणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचा अणू बसलेला असतो. तो नसेल तर काम पुढे सरकत नाही. भाकरीतून आलेला जो अणू एका जागी श्वासातला प्राणवायू वाहतो, तोच दुसऱ्या जागी वर्गात मास्तरांकडे बघायला मदत करतो. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

२००४ मध्ये पॅरिसमध्ये एरिक कोनोफाल यांनी एडीएचडीच्या ५३ मुलांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मोजलं. ८४ टक्के मुलांत तो कमी निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही, पण साठा कमी असलेल्या २३ मुलांवरच्या एका छोट्या चाचणीत लोह दिल्यावर लक्षणं उतरली. मेख अशी की हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन तळाला असू शकतं. रक्त शेवटपर्यंत आपला वाटा घेतं, मेंदू आधी उपाशी राहतो. साठा कमी असलेल्या काही मुलांचे पाय रात्री वळवळतात, झोप तुटते, आणि सकाळी शाळेत पुन्हा तेच: लक्षच नाही.

हे आपल्या दारातलं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही दर तीन मुलांमागे दोन. सीमा इथे कुणाला वाचवत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी, मोठ्या मुलांची निळी, ही त्यासाठीच. पोरं ती खिशातून घरी आणतात आणि गटारात टाकतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. भाकरीबरोबर पालेभाजी, मटकी-हुलग्याची उसळ, वर लिंबू पिळलेलं, आणि खाणाऱ्यांच्या घरात मटण किंवा अंडं, एवढ्यात बरंच भागतं. जेवणाबरोबरचा चहा मात्र धान्याभाज्यांतलं अर्ध्याहून जास्त लोह वाया घालवतो. सकाळी कपात खारी बुडवून पोर शाळेत धाडणं, ही आपल्याकडची खरी आहारविषयक चूक. साखरेची नव्हे, चहाची. शाळेतल्या दुपारच्या जेवणात कर्नाटकनं अंडी वाढवली, दुधातून नाचणीचं माल्ट सुरू केलं, हे चांगलंच. फक्त नाचणीचं मोठेपण कॅल्शियममध्ये आहे, लोहासाठी तिच्यावर फार विसंबू नये. आणि लोहाचं औषध तपासणीशिवाय कधीही देऊ नये. जास्त झालेलं लोह लहान मुलाला विषासारखं भोवतं.

या गोष्टीची सुरुवात पाळण्याच्याही आधी होते. बाळ आपल्या लोहाचा बराचसा साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून भरून घेतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी अमेरिकेच्या थॉमस जेफरसन विद्यापीठाबरोबर रॅपिडआयर्न नावाची मोठी चाचणी हाती घेतली. कर्नाटक आणि राजस्थानातल्या रक्तक्षयाच्या चार हजारांहून जास्त गरोदर बायकांची विभागणी केली. काहींना नेहमीच्या गोळ्या, काहींना शिरेतून लोहाचा एकच डोस. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो: जन्मलेल्या मुलांच्या मेंदूची वाढ कशी होते, याचाही पाठपुरावा त्यांनी ठेवला. मुलाच्या लक्षाचा विचार आईच्या सहाव्या महिन्यापासून करायचा, हा प्रश्न केएलई संस्थेच्या याच कॉलेजाच्या आवारात बसून जगासाठी विचारला जातोय आणि शहराला त्याची फारशी खबर नाही.

मासे आणि जवस यांचं प्रकरण लवकर आटपतं. ओमेगा-३ या स्निग्धाम्लांवरच्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये हिशेब मांडला गेला: फायदा आहे, पण औषधाच्या मानानं बराच कमी. गोव्याकडून येणारा बांगडा आणि तारली यांत हे आम्ल मेंदूला थेट वापरता येईल अशा रूपात असतं. जवसात त्याचं कच्चं रूप असतं आणि शरीर त्यातला थोडाच भाग बदलून घेतं. पण शाकाहारी ताटात त्याच्याइतकं दुसरं काही नाही. गंमत अशी की ताटात शेजारी बसणारी कारळ्याची चटणी दिसायला सख्खी बहीण असली तरी तिच्यात हे आम्ल जवळपास नसतंच, तिच्यात सगळं ओमेगा-६. तेव्हा निवड करायची असेल तर भाकरीवर जवस. आवडत असेल तर दोन्ही.

ब्राह्मीबद्दल मात्र थोडं थांबावं लागेल. सह्याद्रीतल्या औषधी वनस्पती शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहायला आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था बेळगावातच आहे, आणि तिची गरज किती आहे ते बाजारात गेल्यावर कळतं. ब्राह्मी म्हणून कुणी ओल्या जागी पसरणारं, जाड बारीक पानांचं बॅकोपा देतं, तर कुणी वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी. ही कोथिंबिरीच्या कुळातली, ते दुसऱ्याच. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या बॅकोपाच्या अर्काची ऑस्ट्रेलियात चंचल मुलांवर रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला तो मधलाच: मुख्य वागणुकीत खोट्या गोळीपेक्षा फरक नाही, झोप आणि विचारांची लवचीकता यांत थोडा फायदा. त्यामुळे ब्राह्मी फेकून द्यायचं कारण नाही आणि डोक्यावर घ्यायचंही नाही. माझी खरी काळजी पुडीबद्दल आहे. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं हे मुलांचं लक्ष बिघडवणारं म्हणून सिद्ध झालेलं विष आहे. नाव-पत्ता-बॅच नसलेली पुडी लक्षासाठी मुलाला चाटवणं म्हणजे काय, हे यावरून समजावं.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीचं उत्तर तर निपाणीच्या वखारींत पोत्यानं भरलेलं आहे. तंबाखू ही पूर्ण नैसर्गिक वनस्पती. वखारीत पाला झाडणाऱ्या बायका दिवसभर तिची धूळ नाकातोंडात घेतात, विड्या वळणाऱ्यांच्या मांडीवर ती असते, आणि मशेरीच्या रूपात ती सकाळी बऱ्याच आज्यांच्या दातांवर. फिनलंडमध्ये गरोदर बायकांचं रक्त वर्षानुवर्षं साठवून ठेवतात. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्यातलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा माग, मोजलं. ते जितकं जास्त, तितकी मुलात एडीएचडीची शक्यता जास्त. प्रकरण मिटलं असं वाटतं, पण वेल्समधल्या कार्डिफच्या अनिता थापर यांनी दशकभर आधीच एक विलक्षण युक्ती केली होती. त्यांनी टेस्टट्यूब बाळं घेतली. काही बाळं आईच्याच बीजाची होती, काही दुसऱ्या स्त्रीच्या बीजाची. सिगारेट ओढणाऱ्या आईच्या पोटात दोन्ही वाढली, पण चंचलपणाशी नातं दिसलं ते मुख्यतः आईच्याच बीजाच्या बाळांत. म्हणजे धुराबरोबर आईची जनुकंही बोलत होती. अधीर माणूस व्यसनाकडे लवकर वळतो आणि तो अधीरपणाच पुढे जातो. बाळाचं वजन कमी करण्यात मात्र तंबाखूचा हात दोन्ही गटांत होता, त्यामुळे मशेरीला यातून माफी मिळत नाही.

हे सगळं वाचून कुणी मुलाची एडीएचडीची चालू गोळी बंद करून जवस सुरू करणार असेल, तर त्यानं आधी थांबावं. १९९९ साली निकाल आलेल्या, उत्तर अमेरिकेतल्या ५७९ मुलांवरच्या मोठ्या चाचणीत नीट देखरेखीखाली दिलेलं औषध पहिल्या चौदा महिन्यांत नुसत्या वर्तनोपचारापेक्षा लक्षणांवर सरस ठरलं. आहारातल्या कुठल्याच उपायानं तिथपर्यंत मजल मारलेली नाही. सरकारी शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे, तेव्हा सुरुवात फुकटातही होते.

आणि आहार खरोखर कामी येतो तो गोळी चालू असतानाच. या औषधाचा सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे भूक मरते. दुपारचा डबा तसाच घरी येतो, वजन अडकतं, आई घाबरते. त्यावर डॉक्टर सांगतात ती व्यवस्था साधी आहे. मोठं जेवण गोळीच्या आधी: सकाळी सातला भाकरी, अंडं किंवा उसळ, वर जवसाची चटणी आणि तेल, चहा नाही. दुपारी जे जाईल ते जाऊ द्यावं, जबरदस्ती नको. संध्याकाळी औषध उतरलं की भूक परत येते, कधी रात्री आठ-नऊला. त्या वेळी ‘आता कसली भूक’ म्हणून पोराला झोपायला पाठवू नये, ताट वाढावं.